शवासनात जीव घाबरतो तेव्हा

चाळिशीच्या आसपासच्या एक बाई दवाखान्यात आल्या. रात्री झोप नाही, मान-पाठ आखडलेली, भांडे पडले तरी दचकायला होते, अशा तक्रारी. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळे ठीक. मी नेहमीच्या सवयीने सांगून टाकले, "योगवर्गाला जायला लागा, बरे वाटेल."

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. "डॉक्टरसाहेब, तिथं माझा जीवच जायची वेळ आली होती."

झाले होते असे. वर्गाच्या शेवटी दिवे मालवून सर्वांना शवासनात झोपवले, डोळे मिटायला सांगितले. बाईंचे खांदे ताठ दिसले म्हणून शिक्षिकेने मागून येऊन, न सांगता, ते खाली दाबले. त्यासरशी बाईंना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, श्वास कोंडला. त्या उठून बाहेर पळाल्या. वर "शवासनातून असे मध्येच उठायचे नसते" हेही ऐकावे लागले.

ई.सी.जी. काढला, तो नॉर्मल होता. जो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो आता विचारला: "पूर्वी कधी असे कोंडल्यासारखे झाले होते का?" बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी किल्लारीकडची. नऊ वर्षांची होते. दुपारी काढलं मला ढिगाऱ्यातून."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. काळोख, उताणे पडलेले शरीर आणि खांद्यांवर भार! बाईंच्या शरीराने ती पहाट ओळखली.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे. जिवावरच्या प्रसंगात मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, ॲड्रिनॅलिन सुटते, नाडी जलद होते. हे जीव वाचवण्यासाठीच असते. पण काहींच्या बाबतीत प्रसंग सरला तरी ही घंटा हळवी राहते आणि त्या प्रसंगासारखे काही घडताच पुन्हा वाजते. भूकंपच हवा असे नाही. अपघात, घरातील मारहाण, बालपणी झालेले अत्याचार यांनीही असे होते.

मग अशांनी योग करू नये काय? अवश्य करावा. अमेरिकेतील बोस्टन येथील मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वीच्या उपचारांनी गुण न आलेल्या, आघात सोसलेल्या स्त्रियांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग शिकवला. शेवटी ३१ पैकी १६ जणींमध्ये हा आजार निदानाच्या निकषांत बसेनासा झाला. योगाऐवजी आरोग्यशिक्षणाचे वर्ग दिलेल्या २९ जणींत अशा सहाच निघाल्या. मात्र तेथे योग शिकवण्याची रीत वेगळी होती. हुकूम नव्हता, मोकळीक होती.

योगशिक्षकांनी एवढे पाळावे :

१) परवानगीशिवाय अंगाला हात लावू नये. आसन स्वतः करून दाखवावे, नाहीतर तोंडी सांगावे.

२) डोळे मिटण्याची सक्ती नको. समोर जमिनीवर नजर ठेवली तरी चालते.

३) खोलीत थोडा उजेड असावा, दार मोकळे असावे. शवासनाऐवजी कुशीवर झोपण्याची किंवा भिंतीला टेकून बसण्याची मुभा द्यावी.

४) श्वास रोखून धरणे, जोरजोरात कपालभाती किंवा भस्त्रिका अशांना सुरुवातीला नको. त्याने धडधड वाढून भीती परत येऊ शकते. सावकाश श्वास घेऊन थोडा लांबवत सोडणे पुरे.

५) "हे कराच" ऐवजी "जमेल तेवढे करा, नको वाटले तर थांबा" म्हणावे. कोणी उठून गेले तर टोकू नये.

६) कोणाची हकिगत खोदून विचारू नये. ही मोकळीक सर्वांनाच दिली, की कोणी वेगळे पडत नाही.

वर्गात एखाद्याला घाबरे झालेच तर डोळे उघडायला सांगावे, तळपाय जमिनीवर घट्ट टेकवावेत, समोर दिसणाऱ्या चार वस्तूंची नावे घ्यायला लावावीत. छातीत दुखत असेल तर मात्र भीतीच असेल असे धरून न चालता तातडीने डॉक्टर गाठावा.

वाचकहो, योग हा उपचाराला जोड आहे, त्याचा पर्याय नाही. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. वाईट स्वप्ने, दचकणे, झोप उडणे महिनाभर टिकले तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

त्या बाई आता मनोविकारतज्ज्ञांचे उपचार घेतात आणि त्याच वर्गाला जातात. शिक्षिकेशी मी बोललो, त्यांनीही मोठ्या मनाने ऐकून घेतले. बाई दाराजवळच्या खुर्चीवर, डोळे उघडे ठेवून बसतात. झोप अजून पुरती आलेली नाही, पण आठवड्यातून चार रात्री लागते. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिले आहे. मीही आता कुणाला योगवर्गाला धाडण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारतो.