उत्सवाचे अध्यक्ष

मुंबईहून कर्जतकडे जाणारी आगगाडी अंबरनाथच्या पुढे गेली की बदलापूर लागते. उल्हास नदीच्या काठचे हे गाव आज मोठे शहर झाले आहे. सन १९२७ च्या मे महिन्यात येथे शिवजयंतीचा उत्सव साजरा झाला. त्या उत्सवाचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

आज यात कोणास नवल वाटणार नाही. पण त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून आलेले थोर विद्वान होते. तरीही ते अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मले, एवढ्याच कारणाने १९१७ मध्ये बडोद्यास त्यांना राहावयास घर मिळेना. बदलापूरच्या उत्सवापूर्वी अवघे दीड महिना आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते आपल्या अनुयायांसह प्याले. ज्या तळ्यावर गुरेही पाणी पीत, तेथे माणसांनी पाणी घेतले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे ते तळे ‘शुद्ध’ही करण्यात आले!

जन्मावरून माणसाचे मोल ठरविण्याची रीत केवळ आपल्याच देशात होती असे नाही. अमेरिकेत कातडीच्या रंगावरून काळ्या लोकांना वेगळे ठेवीत. त्यांची व आपल्या अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये तेथील कृष्णवर्णीय विद्वान डू बॉइस यांना पत्राने कळविले होते. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसास स्वतःच्याच देशात फिरण्यासाठी परवाना बाळगावा लागे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे याचा निषेध करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या स्मरणार्थ २१ मार्च हा दिवस जगभर वर्णभेद निर्मूलनाचा दिवस म्हणून पाळतात. महाडचा दिवस आणि हा दिवस पंचांगात एकमेकांचे शेजारी आहेत.

पुढे कायदे बदलले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. अमेरिकेत १९६४ मध्ये समान नागरी हक्कांचा कायदा झाला. दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या लोकांनी मिळून मतदान केले.

मग हा रोग समूळ गेला काय? तसे म्हणवत नाही. ईशान्य भारतातून शिकावयास आलेल्या मुलांना त्यांच्या चेहऱ्यावरून आपल्याच देशात परके म्हणून हिणविले जाते. सकाळच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. पण भाड्याने खोली पाहावयास गेले की आधी आडनाव विचारणारे लोक आजही भेटतात. कायद्याने तळे खुले होते. मनाचा उंबरठा मात्र ज्याचा त्यानेच ओलांडावयाचा असतो.

बदलापूरच्या त्या उत्सवाचे महत्त्व येथेच आहे. सतरावे कलम तेव्हा २३ वर्षे दूर होते. डॉ. आंबेडकरांना अध्यक्षस्थानी बसवा, अशी सक्ती गावावर कोणत्याही कायद्याची नव्हती. तरीही तो मान त्यांना देण्यात आला. जे गावकरी स्वेच्छेने करू शकले, ते आपणांस अवघड का वाटावे?

स्वाध्याय
१. बदलापूरच्या उत्सवाची गोष्ट त्या काळी सामान्य का नव्हती?
२. ‘मनाचा उंबरठा ओलांडणे’ म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.