अहमदीतले आजोबा, मालवणातली आजी

"आजोबांचा पहिला पगार रुपयांत झाला होता, असं आजी सांगते. कुवेतमध्ये रुपये? खरं का हे, काका?"

"अगदी खरं. 1958 साली ते आले, तेव्हा इथल्या बाजारात आपलाच रुपया चालायचा. पण इथून सोन्याची चोरटी आयात व्हायला लागली आणि आपलं परकीय चलन गळायला लागलं. म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. नंबराच्या आधी इंग्रजी झेड अक्षर. भारतात त्या दुकानात चालत नसत. मग एप्रिल 1961 मध्ये दिनार आला. एक दिनार म्हणजे 13 रुपये 33 पैसे."

कुवेतमधल्या फहाहीलच्या समुद्रकाठी हे बोलणे चालले होते. विचारणारी तिशीतली अभियंता, नोकरीनिमित्त नुकतीच कुवेतला आलेली. काका तिच्या नात्यातले नाहीत. 1972 पासून ते तिच्या आजोबांच्या खोलीत राहिले, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये राबले. सध्या मुलाकडे आले आहेत. नातीच्या आठवणीतले आजोबा म्हणजे अत्तराचा वास, गावातले चिरेबंदी घर आणि 'कुवेतवाले' ही ओळख. मधल्या बत्तीस वर्षांबद्दल घरात कधी कुणी सविस्तर बोलले नव्हते.

"ते आले कसे पण? विमानानं?"

"विमान कुठलं, बाय! मालवणहून किनाऱ्याच्या बोटीनं मुंबई आणि तिथून ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज, 'द्वारका'. डेकचं तिकीट, अंथरूण आपलं आपण न्यायचं. कराची, मस्कत, बहरीन असं बंदरं घेत ते इकडे यायचं. 1982 पर्यंत चाललं हो ते जहाज."

त्याच कंपनीचे 'दारा' हे जहाज 8 एप्रिल 1961 रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटले आणि दोनशेहून जास्त माणसे दगावली. आजोबा त्या वेळी अहमदीत सुखरूप होते. पण मालवणात आजीला ते कसे कळणार? पत्र हाती पडेपर्यंत ती रोज पोस्टात जाऊन उभी राहत होती. काकांना ही गोष्ट ठाऊक होती, नातीला नव्हती.

अहमदी हे तेलाने वसवलेले गाव. बुरगानला 1938 मध्ये तेल सापडले, महायुद्धात विहिरी बुजवून ठेवल्या गेल्या आणि 30 जून 1946 रोजी पहिले जहाज तेल भरून निघाले. कुवेत ऑइल कंपनीने वाळवंटातल्या उंचवट्यावर वस्ती उभारली. उत्तरेला गोऱ्या साहेबांचे बंगले, मधल्या भागात भारतीय आणि पाकिस्तानी कारकून-कारागीर, दक्षिणेला अरब मजूर. पगाराची उतरंड नकाशावरच आखलेली होती, हे आज वाचतानाही खुपते.

"आणि त्यांचं काम नेमकं काय? 'फिटर' म्हणजे काय करायचे ते?"

काका खुलले. "तेलाच्या टाक्या उंचवट्यावर, बंदर खाली. तेल स्वतःच्याच भारानं उतरत जहाजापर्यंत जायचं. म्हणजे सगळी मदार व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गळती होऊ नये म्हणून ग्लँडमध्ये पॅकिंगची दोरी भरतात. तुझे आजोबा ती दांड्याला गुंडाळून मापाचे वेढे कापायचे, तेही तिरपे, म्हणजे टोकं एकमेकांवर बसतात. एक वेढा बसवला की दुसऱ्याचा सांधा पाव फेरा फिरवून. सांधे एका रेषेत आले की तेल तिथूनच वाट काढतं. नट आवळतानाही दोन्ही बाजू सारख्या, थोड्या थोड्या. घाई केली की ओरडायचे माझ्यावर."

"इतक्या उन्हात?"

"लोखंडाला हात लागला की चटका बसायचा. आता जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी आहे. तेव्हा कुठली?"

मग नातीने देवाचा विषय काढला. गावी गणपतीत पहाटेपर्यंत भजनात बसणारा माणूस, जिथे सार्वजनिक देऊळ नाही अशा देशात इतकी वर्षे कसा राहिला?

"ट्रंकेच्या झाकणाला आतून विठ्ठलाची तसबीर चिकटवली होती. झाकण उघडलं की देऊळ. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी रात्री भजन. टाळ गावाहून आणलेले, पखवाजाच्या जागी बिस्किटांचा डबा. आवाज बेताचा ठेवायचा. आषाढी एकादशी ऐन जुलैत, तरी उपास सोडला नाही त्यांनी. खोलीत तिसरा होता रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. रमजानात दिवसा उघड्यावर खाणंपिणं इथं 1968 च्या कायद्यानं बंद आहे. पण खोलीत कोण बघतंय? तरी आजोबा त्याच्यासमोर पाण्याचा घोट घेत नसत. आणि एकादशीला तो यांच्यासाठी शेंगदाणे, खजूर आणून ठेवायचा."

"आजीला कधीच का आणलं नाही त्यांनी?"

काका जरा थांबले. बिऱ्हाड करण्याइतका पगार नव्हता आणि गावी म्हातारे आईवडील, शेती, तीन मुले होती. रजा दोन वर्षांनी एकदा. पुढे कॅसेट आल्या, तेव्हा आजोबा त्या बोलून भरायचे आणि गावी जाणाऱ्याबरोबर पाठवायचे. "तुझ्या आजीची कॅसेट यायची ना, तीत निम्म्याहून जास्त हिशेब असायचा. चिरे किती आले, गवंड्याला किती दिले, कुणाची फी भरली. आजोबा तीच परत परत ऐकायचे."

ते घर आजोबांच्या पैशातून झाले खरे, पण चिरा पारखून घेतला आजीने. आखातातल्या माणसांचे कष्ट आपण निदान 'गल्फचा पैसा' म्हणून तरी ओळखतो. गावी राहिलेल्या बायकांनी घर, शेत, म्हातारी माणसे आणि मुलांच्या शाळा एकहाती सांभाळल्या, त्यांची नोंद फारशी कुठे नाही. हा अन्याय आहे.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. कुवेती दिनार रद्द झाला, साठवलेल्या नोटांची किंमत गेली. आजोबा आणि काका बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सीमेवर पोचले. तिथून अम्मान आणि एअर इंडियाने मुंबई. भारतीयांना परत आणण्याच्या त्या मोहिमेत चारशेहून अधिक उड्डाणे झाली, लाखावर माणसे घरी आली.

"ट्रंक?"

"राहिली. तसबीर तेवढी काढून शर्टाच्या आत ठेवली होती."

आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून, देश सोडावा लागलेल्या एकट्या माणसाला 4,000 डॉलरपर्यंत ठरावीक रक्कम देऊ केली. आजोबांचा अर्ज भरता आला तो आजीमुळे. त्यांनी धाडलेल्या प्रत्येक ड्राफ्टचा कागद आणि प्रत्येक पाकीट तिने तारखेनिशी जपले होते. काही वर्षांनी पैसे आले, तेव्हा बांधकामासाठी गहाण पडलेल्या तिच्या पाटल्या आजोबांनी आधी सोडवून आणल्या.

काका 1992 मध्ये पुन्हा कुवेतला आले. आजोबा परतले नाहीत. गावच्या देवळात गुरुवारी रात्रीचे भजन त्यांनी सुरू केले, ते अजून चालू आहे.

आखातात आयुष्य घालवलेली ती पहिली पिढी आता झपाट्याने सरते आहे. ज्यांच्या घरी असे आजोबा होते किंवा आहेत, त्यांनी जुन्या कॅसेट, पासपोर्ट, पाकिटे रद्दीत घालू नयेत. फोटोंच्या मागे नाव आणि साल लिहून घ्यावे. आणि आजी असेल, तर येत्या सुट्टीत फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तिच्यापाशी बसावे, आणि तिचीही हकीकत विचारावी.