सामायिक संगणक आणि पेनड्राइव्हचे अक्षर

कार्यालयात किंवा शाळेत एकाच संगणकावर अनेक कर्मचारी आळीपाळीने काम करतात. अशा ठिकाणी एक अडचण वारंवार उद्भवते. पेनड्राइव्ह जोडताच संगणक आवाज देतो, परंतु ड्राइव्हच्या यादीत तो दिसत नाही. निकालपत्रके किंवा ग्रामसभेची कागदपत्रे ऐनवेळी अडकून पडतात. पेनड्राइव्ह बिघडला असे समजून तो फॉरमॅट करण्याचा सल्लाही कोणी देतो. तसे केल्यास आतील माहिती हकनाक जाते. वस्तुतः दोष अनेकदा पेनड्राइव्हचा नसून अक्षराचा असतो.

कारण काय?

विंडोज प्रणालीत प्रत्येक ड्राइव्हला इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर मिळते. अक्षरे 26 च आहेत. ए आणि बी ही पूर्वी फ्लॉपीसाठी होती. सी हे सामान्यतः संगणकाच्या मुख्य डिस्कचे असते. कार्यालयाच्या नेटवर्कवरील सामायिक फोल्डरलाही, समजा, एफ हे अक्षर दिलेले असते. ही जोडणी त्या त्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनपुरतीच असते. त्यामुळे, विशेषतः जुन्या आवृत्त्यांत, प्रणाली एफ मोकळे समजून तेच पेनड्राइव्हला देते आणि पेनड्राइव्ह नेटवर्कच्या एफ खाली झाकला जातो. एकाला दिसणारा पेनड्राइव्ह दुसऱ्याला न दिसण्याचे रहस्य हेच होय.

कर्मचाऱ्याने काय करावे?

अक्षर बदलण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्यास नसतो. तथापि, स्वतःची नेटवर्क जोडणी त्यास बहुधा तोडता येते. प्रथम त्या फोल्डरमधील फाइली जतन करून बंद कराव्यात. नंतर नेटवर्क ड्राइव्हवर उजवी कळ दाबून 'डिस्कनेक्ट' निवडावे व पेनड्राइव्ह पुन्हा जोडावा. काम झाल्यावर त्याच फोल्डरला दुसरे अक्षर देऊन जोडणी करावी. लॉगिनच्या वेळी जोडणी आपोआप होत असेल, तर हा उपाय पुढील लॉगिनपर्यंतच टिकेल.

प्रशासकाने काय करावे?

कायमचा उपाय संगणकाच्या प्रशासकाच्या हाती आहे. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पेनड्राइव्हचे अक्षर बदलता येते. त्याने आतील माहिती पुसली जात नाही, आणि तो संगणक त्या पेनड्राइव्हसाठी नवे अक्षर लक्षात ठेवतो. सी अक्षरास मात्र हात लावू नये. प्रत्येक पेनड्राइव्हसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा नेटवर्क फोल्डरांना झेड, वाय, एक्स अशी शेवटची अक्षरे द्यावीत. पेनड्राइव्हला सहसा आरंभीची मोकळी अक्षरे मिळत असल्याने संघर्ष टळतो.

काही कार्यालयांत सुरक्षिततेसाठी पेनड्राइव्हचा वापरच बंद ठेवलेला असतो. तेथे पळवाट न शोधता परवानगी मागावी. तसेच, नित्याची अडचण नको म्हणून प्रशासकाचा पासवर्ड सर्वांना देणे हा उपाय नव्हे. एका अक्षरासाठी दिलेला तो पासवर्ड संपूर्ण संगणकाची दारे उघडतो. अक्षरांची वाटणी एकदा ठरवून ती संगणकाजवळ लावून ठेवावी, म्हणजे कामही अडणार नाही आणि माहितीही सुरक्षित राहील.