एकमेकींना जामीन

मुंबईतील परळ, लालबाग, भायखळा या भागाला गिरणगाव म्हणत. तेथील कापडाच्या गिरण्यांत कोकणातून व घाटावरून आलेले हजारो कामगार राबत. बहुतेकांची कुटुंबे गावीच असत. चाळीतील एकेका खोलीत अनेक जण पाळीपाळीने राहत. घरापासून दूर असलेल्या या माणसांना दोन वेळा गरम अन्न मिळे, ते खाणावळवालीच्या हातचे.

खाणावळवाल्याही अशाच चाळींत राहत. कोणी विधवा असे, तर कोणाच्या पतीचे काम सुटलेले असे. पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी त्यांच्या चुली पेटत आणि रात्री उशिरा परतलेला कामगार जेवेपर्यंत विझत नसत.

इतके कष्ट करूनही त्यांच्या हाती पैसा उरत नसे. असे का व्हावे? कामगारांचा पगार महिन्यातून एकदा होई आणि त्यानंतरच ते जेवणाचे पैसे देत. तांदूळ, डाळ, तेल मात्र रोज लागे. म्हणून वाण्याकडून उधारीने माल आणावा लागे, आणि उधारीचा माल महाग पडे. त्यातच घरात आजारपण आले, म्हणजे सावकाराची पायरी चढावी लागे. पगाराच्या दिवशी मिळालेली रक्कम वाण्याच्या व सावकाराच्या हाती जाई आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उधारी सुरू होई.

१९६९ साली भारत सरकारने १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. लहान व्यवसाय करणाऱ्यांनाही बँकेचे कर्ज मिळावे, हा त्यामागील एक हेतू होता. परंतु कर्ज देताना बँक तारण किंवा जामीन मागते. खाणावळवालीजवळ ना शेत होते, ना स्वतःचे घर. मग तिला जामीन कोण राहणार?

या प्रश्नाचे उत्तर प्रेमाताई पुरव यांना सापडले. त्या मूळच्या गोव्याच्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यात त्यांनी लहान वयातच भाग घेतला होता. पुढे मुंबईत त्या कष्टकऱ्यांमध्ये काम करू लागल्या. १९७५ साली त्यांनी १४ खाणावळवाल्यांना एकत्र आणले. या स्त्रिया एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेने त्यांना कर्ज दिले. यातूनच ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे राहिले.

जामीन राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. एकीने हप्ता चुकविला, तर सर्वांचीच पत जाते. परंतु शेजारणीची अडचण शेजारणीलाच आधी कळते. कोण किती माणसांना जेवू घालते, कोण शब्दाला जागते, हे बँकेच्या कागदात नसते. चाळीत मात्र ते सर्वांना ठाऊक असते. ज्या ओळखीची किंमत आजवर कोणी केली नव्हती, तीच ओळख आता तारणाच्या जागी उपयोगी पडली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा रोजगार थांबला. पुष्कळसे गावी परतले आणि खाणावळींतील पाने रिकामी राहू लागली. जेवणारेच निघून गेल्यावर खाणावळ कशी चालावी? तेव्हा मंडळाने कचेऱ्यांना व समारंभांना जेवण पुरविण्याचे काम वाढविले. एकेकटीला जे जमले नसते, ते संघटित स्त्रियांना जमले. प्रेमाताईंना २००२ साली ‘पद्मश्री’ देऊन गौरविण्यात आले.

गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण हातच्या अन्नाची गरज सरलेली नाही. मुंबईहून लोकलने परतणाऱ्या परिचारिका, शिक्षिका, कारकून स्त्रिया ठाणे, कोपर, डोंबिवली, कल्याण येथे सायंकाळी उतरतात. या गावांत स्त्रियांनी चालविलेली पोळी-भाजी केंद्रे आहेत. तेथील पोळ्यांमुळे नोकरी करणारीला घटकाभर विसावा मिळतो. तिने दिलेल्या पैशांतून पोळ्या लाटणारीचे घर चालते. कागदावर सही न करताही या दोघी एकमेकींना जामीनच आहेत.

अभ्यास
१. खाणावळवाल्यांच्या हाती पैसा का उरत नसे?
२. बँकेला हवे असलेले तारण त्यांनी कसे उभे केले?
३. तुमच्या गावात स्त्रिया एकत्र येऊन कोणता व्यवसाय करतात? त्याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.