स्पर्धा परीक्षेचं गणित शिकवणारा शिक्षक कसा असावा?



शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की स्टाफ मीटिंगमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो, "यंदा शिष्यवृत्तीचा वर्ग कोण घेणार?" भाषेला कुणीतरी हो म्हणतं. गणिताचं नाव निघालं की सगळे एकमेकांकडे बघतात. मीही बघायचे. बारावी कला शाखेतून झाली, मग डी.एड. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध आला तो अध्यापन पद्धतीपुरताच. तरी एका वर्षी गणित माझ्याकडे आलं. त्या वर्षी झालेली एक चूक आज तुम्हाला सांगायची आहे, कारण हा लेख तिच्यातूनच सुचला.

फळ्यावरची माझी चूक

१ ते १०० मध्ये २ ते ९ हे अंक प्रत्येकी २० वेळा येतात, हा नियम आपण सगळेच पाठ करून घेतो. मी फळ्यावर प्रश्न लिहिला : १ ते १५० पर्यंतच्या संख्या लिहिताना ७ हा अंक किती वेळा येईल? आणि मीच समजावून सांगितलं, "शंभरला वीस, मग पन्नासला दहा. एकूण तीस."

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, माझे पंचवीस येतात."

मी म्हटलं, "नीट मोज, काहीतरी राहिलं असेल."

तिने मुकाट्याने खोडरबर घेतला, पंचवीस खोडलं आणि तीस लिहिलं.

संध्याकाळी घरी वह्या तपासताना तिच्या वहीतली ती खोडलेली जागा दिसली. मग मी स्वतः मोजायला बसले. १०१ ते १५० मध्ये ७ येतो तो १०७, ११७, १२७, १३७ आणि १४७ मध्ये. फक्त पाच वेळा. दशकस्थानचे सात तर १७० पासून येतात! म्हणजे २० आणि ५, पंचवीस. पोरीचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी चूक कबूल केली आणि तिलाच फळ्यावर बोलावलं. ती आली, लिहिलं, पण बराच वेळ माझ्याकडे बघत होती, खरंच लिहू का म्हणून. एक गुण परत देता येतो. स्वतःच्या उत्तरावरचा विश्वास परत द्यायला मला पुढचे कित्येक महिने लागले.

तेव्हापासून प्रश्न पडला, हे काम माझ्यासारखीने करावं का? स्पर्धांचं गणित शिकवणारी माणसं मुळात कुठून येतात?

ही माणसं कुठून येतात?

शोधलं तर तीन वाटा दिसतात.

पहिली वाट गणितज्ञांची. आपल्याकडे गणित ऑलिम्पियाडला राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा आधार आहे आणि कामकाज मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये उतरतो. बंगळुरूचे बी. जे. वेंकटाचल आणि सी. आर. प्राणेशाचार यांनी या मुलांना घडवण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, पुस्तकं लिहिली. पुण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६ मध्ये गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी सुरू केलं. तिथेही ऑलिम्पियाडची तयारी होते.

दुसरी वाट जुन्या स्पर्धकांची. पो-शेन लो यांनी १९९९ मध्ये अमेरिकेकडून खेळताना रौप्यपदक मिळवलं, पुढे गणिताचे प्राध्यापक झाले आणि मग त्याच संघाचे प्रशिक्षक. २०१५ मध्ये त्यांचा संघ जगात पहिला आला. प्रश्नासमोर तास-तास अडकून बसणं म्हणजे काय, हे अशा माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी वाट आपली, शाळेतल्या शिक्षकांची. आणि गंमत म्हणजे ही सगळ्यात जुनी वाट आहे. हंगेरीत १८९४ मध्ये दानियल आरानी नावाच्या शाळाशिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी गणिताचं मासिक काढलं. दर अंकात प्रश्न असायचे आणि मुलं उत्तरं पाठवायची. पुढे ते मासिक लास्लो राट्झ यांनी सांभाळलं. तेही बुडापेस्टच्या एका शाळेत शिकवत. जॉन फॉन नॉयमन आणि नोबेल मिळवणारे युजीन विग्नर हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. आपल्या देशात शैलेश शिराळी यांचं उदाहरण आहे. ऋषी व्हॅलीसारख्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ऑलिम्पियाडच्या मुलांसाठी काम केलं आणि पुस्तकंही लिहिली.

आणि आपल्या देवळालीचे कापरेकर गुरुजी! पदवीपर्यंत शिकलेले, आयुष्यभर शाळेत शिकवणारे. स्पर्धांचे प्रशिक्षक म्हणून नव्हे, पण संख्यांशी खेळणारा शिक्षक म्हणून त्यांचं नाव जगभर झालं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. ३५२४ घेऊ : ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च! वर्गात करून बघा, वजाबाकीचा सराव कुरकुर न करता होतो.

मग पदवीची गरज नाही का?

आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवसांत सहा प्रश्न असतात, रोज साडेचार तास. त्यात संख्या सिद्धांत असतो, म्हणजे संख्यांचे गुणधर्म. शिवाय भूमिती, बीजगणित आणि मोजणीच्या युक्त्या. ते शिकवायला खोल अभ्यास लागतो. तो माझ्याकडे नाही. पण पाचवीतल्या मुलाला त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकायला लावणं, हे माझंच काम आहे.

राट्झ यांची एक गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते. फॉन नॉयमनची झेप शाळेच्या गणितापलीकडची आहे हे ओळखून त्यांनी वडिलांना सांगितलं की याला विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून शिकवा, आणि तशी सोयही झाली. मूल आपल्यापुढे गेलंय हे वेळेवर ओळखणं आणि त्याला पुढच्या माणसाकडे सोपवणं, यात कमीपणा कसला?

मी आता काय करते?

१. उद्याचे प्रश्न आज स्वतः सोडवते. गाईडच्या मागचं उत्तर शेवटी बघते. तिथेही छपाईच्या चुका असतात.

२. "उत्तर किती?" याऐवजी "कसं काढलंस?" असं विचारते. बरोबर उत्तरालाही आणि चुकलेल्यालाही.

३. प्रश्नाचे शब्द बदलून देते. १ ते १०० मध्ये ७ हा अंक किती वेळा येतो? २०. पण ७ असलेल्या संख्या किती? १९, कारण ७७ ही एकच संख्या आहे. नियम पाठ असलेली मुलं इथेच अडकतात, आणि अडकली की विचार करायला लागतात.

४. कच्चं काम खोडायचं नाही, एका रेघेने कापायचं. खोडरबर गणिताच्या तासाला दप्तरातच राहतो.

५. मला येत नसेल तर "उद्या सांगते" म्हणते आणि हायस्कूलच्या गणिताच्या सरांना फोन लावते. दुसऱ्या दिवशी न विसरता सांगते.

पालकांसाठी

क्लास निवडताना बोर्डावरच्या पदव्या आणि फोटो जरूर बघा, पण एक तास मागे बसून बघता आलं तर जास्त कळेल. मुलाने वेगळं उत्तर दिल्यावर शिक्षक काय करतात? थांबून ऐकतात की पुढच्या प्रश्नाकडे जातात? आणि घरी आल्यावर "किती मार्क पडले?" याच्या आधी "आज कुठल्या प्रश्नाने छळलं?" असं विचारून बघा. मूल बोलायला लागेल.

त्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली का, हे मला पुष्कळ जण विचारतात. नाही मिळाली, थोडक्यात हुकली. पण परीक्षेच्या महिनाभर आधी एका प्रश्नावर ती उभी राहून म्हणाली, "बाई, तुमचं चुकलंय." या वेळी मी आधी तिची वही मागितली. मोजून बघितलं, तर माझं बरोबर होतं आणि तिचं चुकलं होतं. तिने ते मान्य केलं, रेघ मारली आणि खाली बसली. खोडलं नाही.

यंदा तुमच्या शाळेत गणिताचं नाव निघेल तेव्हा कला शाखेचे असाल तरी हात वर करा. फक्त आदल्या दिवशी स्वतः मोजून या.