नवी आवृत्ती की टिकाऊ आवृत्ती?

दादर स्थानकाच्या पुलावरून तुमच्यापैकी अनेकजण कितीदा तरी गेले असतील. एका बाजूला पश्चिम रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला मध्य रेल्वेचे. दोन्हींकडच्या लोकल गाड्या दिसायला सारख्याच. पण २०१२ ते २०१५ या काळात या एकाच पुलाखाली दोन तऱ्हेची वीज खेळत होती. पश्चिम रेल्वेच्या तारांत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे ए.सी. प्रवाह आला होता. मध्य रेल्वेच्या तारांत मात्र अजून १,५०० व्होल्टचा दिष्ट, म्हणजे डी.सी. प्रवाहच होता. केवळ डी.सी.वर चालणारी जुनी गाडी पलीकडच्या रुळांवर नेली असती, तर ती निरुपयोगी ठरली असती.

मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. त्या वेळी सुरू झालेली डी.सी. पद्धत उपनगरी मार्गांवरून एप्रिल २०१६ मध्ये पूर्णपणे गेली. एवढी जुनी पद्धत एका रात्रीत बदलता येत नाही. म्हणून ती टप्प्याटप्प्याने बदलली गेली. दोन्ही प्रवाहांवर चालू शकतील अशा गाड्या मधल्या काळात आणल्या. आणि जिथे जुनी पद्धत शिल्लक होती, तिथे तिची देखभाल शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवली.

संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्येही नेमका हाच प्रश्न पडतो. तो कसा, ते आता पाहू या.

आवृत्ती आणि पाठबळ

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून तुमच्या जवळच्या पहिल्या आवृत्तीतली अक्षरे पुसली जात नाहीत. सॉफ्टवेअरचे तसे नसते. त्यात चुका राहिलेल्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे एकेक करून सापडत जातात. काही चुका अशा असतात, की त्यांतून परक्या माणसाला तुमच्या संगणकात शिरता येते. चूक सापडली की तयार करणारे लोक तेवढ्यापुरती दुरुस्ती पाठवतात. तिला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ! अशी ठिगळे जोवर मिळत राहतात, तोवर त्या आवृत्तीला पाठबळ आहे असे म्हणायचे. ती मिळणे थांबले की पाठबळ संपले. सॉफ्टवेअर त्यानंतरही चालत राहते, आणि धोका नेमका यातच असतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही.

सगळ्याच आवृत्त्यांना सारखे पाठबळ देणे परवडत नाही. म्हणून अनेक संस्था काही ठरावीक आवृत्त्या निवडतात आणि त्यांना अधिक काळ ठिगळे पुरवण्याचे आधीच जाहीर करतात. अशा आवृत्तीला 'लाँग टर्म सपोर्ट' म्हणजे दीर्घ पाठबळाची आवृत्ती म्हणतात. थोडक्यात ती एल.टी.एस. या अक्षरांनी ओळखली जाते. तिच्यात सहसा नव्या सोयी घालत नाहीत. नव्या आवृत्तीत सापडलेली चूक जुनीतही असेल, तर तेवढीच दुरुस्ती मागे आणून जुनीला लावतात. त्यामुळे तुमची आज्ञावली काल जशी चालत होती, तशीच आजही चालण्याची शक्यता अधिक असते.

'जावा' या भाषेचे उदाहरण घ्या. २०१८ पासून तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. पण त्यांपैकी २०१८ ची ११ वी, २०२१ ची १७ वी, २०२३ ची २१ वी आणि २०२५ ची २५ वी एवढ्याच दीर्घ पाठबळाच्या. मधल्या आवृत्त्या नव्या गोष्टी पारखून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी असतात.

शाळेच्या संगणक-खोलीचे गणित

आता समजा, गिरगावातल्या एखाद्या शाळेला २०२४-२५ या शालेय वर्षासाठी आपल्या संगणकांवर 'उबुंटू' ही प्रणाली बसवायची आहे. उबुंटूच्या आवृत्तीच्या क्रमांकात तिचे वर्ष आणि महिना दडलेले असतात. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४ आणि २४.१० म्हणजे ऑक्टोबर २०२४. दोन्हींत २४.१० अधिक नवी. मग तीच घ्यावी का?

क्षणभर थांबून हिशेब करा. २४.१० ही साधी आवृत्ती असल्यामुळे तिला पाठबळ फक्त नऊ महिने, म्हणजे जुलै २०२५ पर्यंत. शाळेचे पुढचे वर्ष नुकते सुरू झाले, की सगळ्या यंत्रांवर पुन्हा काम करणे आले. २४.०४ ही दीर्घ पाठबळाची असून तिचे नेहमीचे पाठबळ पाच वर्षांचे, म्हणजे २०२९ पर्यंतचे. जून २०२४ मध्ये पाचवीत असलेली मुलगी नववी संपवीपर्यंत ही आवृत्ती तिला पुरते!

आणखी एक गंमत पाहा. २००८ पासून उबुंटूची दीर्घ पाठबळाची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघत आली आहे. पाठबळ पाच वर्षांचे आणि नवी आवृत्ती दोन वर्षांनी, म्हणजे जुनी व नवी मिळून तीन वर्षांचा काळ एकमेकींवर येतो. या तीन वर्षांतली कोणतीही मे महिन्याची सुट्टी बदलासाठी वापरता येते. रेल्वेने दोन्ही प्रवाहांच्या गाड्या चालवल्या, तोच हा मधला काळ.

७५ भागिले २ किती?

हा मधला काळ हवाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'पायथन' भाषेत सापडते. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली आणि तिने काही नियमच बदलले. पायथन २ मध्ये ७५ भागिले २ असे लिहिले तर उत्तर येई ३७. दोन्ही संख्या पूर्णांक असल्यामुळे अपूर्णांकाचा भाग सोडून दिला जाई. पायथन ३ मध्ये उत्तर येते ३७.५. गुणपत्रिकेची सरासरी काढणारी आज्ञावली दोन्हींकडे विनातक्रार चालेल, पण निकाल वेगळे येतील! गाडी बंद पडली तर निदान कळते. चुपचाप चुकीचे उत्तर देणारी आज्ञावली अधिक घातक.

म्हणून २०१० मध्ये निघालेल्या पायथन २.७ ला मुद्दाम दीर्घ पाठबळ दिले गेले. ते प्रथम २०१५ पर्यंत होते; लोकांचे काम उरकेना म्हणून १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवले. पायथन ३ मधल्या काही सोयी २.७ मध्ये आणल्या होत्या, त्यामुळे दोन्हींवर चालेल अशी आज्ञावली लिहिता येई. तरीही अकरा वर्षांच्या मुदतीच्या अखेरीस अनेकांची धावपळ झालीच.

तारीख चुकली तर?

विंडोज एक्सपी या लोकप्रिय प्रणालीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. तीन वर्षांनी विंडोजमधली एक मोठी उणीव उघड झाली. पाठबळ असलेल्या आवृत्त्यांना १४ मार्च २०१७ रोजी ठिगळ मिळाले होते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा घातक कार्यक्रम याच उणिवेतून जगभर पसरला. त्यानंतरच एक्सपीलाही अपवाद म्हणून ठिगळ देण्यात आले. पण लक्षात घ्या, बळी पडलेल्या यंत्रांत पाठबळ चालू असलेली, तरीही ठिगळ न लावलेली यंत्रे फार मोठ्या संख्येने होती.

पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. पसरण्याच्या त्याच्या मार्गांपैकी एक हीच उणीव होती. त्याचा फटका आपल्या खाडीपलीकडच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसला आणि कंटेनरची वाहतूक खोळंबली.

यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दीर्घ पाठबळ म्हणजे कायमचे पाठबळ नव्हे. त्याला शेवटची तारीख असते. आणि ठिगळ देणे हे करणाऱ्याचे काम असले, तरी ते लावणे हे वापरणाऱ्याचे काम असते.

करून पाहा

१. शाळेतल्या संगणकावरील प्रणालीचे व भाषेचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहा. प्रत्येकीपुढे पाठबळ संपण्याची तारीख शोधून मांडा.

२. ज्या तारखा उलटून गेल्या असतील त्यांच्याखाली लाल रेघ ओढा आणि तो तक्ता आपल्या शिक्षकांना दाखवा.

३. दोन पूर्णांकांचा भागाकार करणारी एक ओळ तुम्हांला येत असलेल्या भाषेत लिहा. उत्तर आधी कागदावर काढा आणि मग यंत्राला विचारा. दोन्ही जुळतात का?