कच्चे सोयाबीन व गंधकाचे दुवे

बाजारभाव उतरले म्हणजे घरचे सोयाबीन भरडून कोंबड्यांस किंवा वासरांस घालावे असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. या धान्यात शेकडा सुमारे ४० भाग प्रथिने व १८ ते २० भाग तेल असते. तथापि माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकरी बंधूंनी पिलांना कच्चा भरडा दिला असता, पिले खात असूनही अंगी लागेनात. रोग समजून त्यांनी औषधांवर पैसे खर्च केले. दोष पिलांत नव्हता, खाद्यात होता.

हे असे का घडते ?

प्रथिने पचविण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचकरस आतड्यात येतो. कच्च्या सोयाबीनमधील काही प्रथिने या ट्रिप्सिनला चिकटून त्याचे कार्य बंद पाडतात. त्यांस ट्रिप्सिनरोधके म्हणतात. ती भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक रस सोडते व पिलांत ते आकाराने वाढते. या रसात गंधकयुक्त घटक पुष्कळ असतात, आणि सोयाबीनमध्ये नेमकी त्यांचीच उणीव असते. अशा रीतीने दुहेरी नुकसान होते. कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत व शिजविलेल्यावर वाढतात, हे ऑस्बोर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखविले होते.

गंधकाचे दुवे

प्रथिन ही एक लांब साखळी होय. तिच्या घड्या गंधकाच्या दोन अणूंच्या दुव्यांनी जागच्या जागी बांधलेल्या असतात. कुनिट्झ रोधकात असे २ दुवे असतात, तर बाउमन-बर्क या लहान रोधकात ७. म्हणूनच ही प्रथिने इतकी चिवट असतात. हे दुवे प्रयोगशाळेत तोडावयाचे झाल्यास डायथायोथ्रायटॉल हे क्षपणकारी द्रव्य वापरतात. अमेरिकेतील क्लीलंड या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याचा उपयोग दाखवून दिला. हे द्रव्य प्रथिनास हायड्रोजन देऊन दुवा सोडविते आणि स्वतः गंधकाच्या दुव्याने कड्यासारखे मिटून जाते. दुवे सुटले म्हणजे प्रथिनाची घडी मोडते व रोधकाचा जोर जातो. सोडियम सल्फाइटसारखे द्रव्य असल्यास कमी उष्णतेतही रोधके निकामी होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु अशी द्रव्ये शेतकऱ्याने खाद्यात घालू नयेत. आपले काम ओलावा व उष्णता यांनी होते.

करावयाची कृती

सोयाबीन स्वच्छ करून रात्रभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी ते पाणी टाकून द्यावे. ताज्या पाण्यात दाणे घालून, उकळी फुटल्यावर अर्धा तास शिजवावे. नंतर उन्हात पसरून चांगले वाळवावे व भरडून मका, ज्वारी व क्षारमिश्रण यांसह द्यावे. ओले ठेवल्यास ते आंबते व बुरशी धरते. कोरडे भाजणे तितके खात्रीचे नाही, कारण ओलाव्यावाचून उष्णता दाण्यात सारखी भिनत नाही. करपेपर्यंत भाजल्यास लायसिन हा उपयुक्त घटक कमी होतो.

घरगुती परीक्षा

भरडा पुरेसा शिजला की नाही हे पाहण्यासाठी बाटलीत थोडा भरडा, चिमूटभर युरिया व पाणी घालून बूच लावावे. वीस मिनिटांनी उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आल्यास भरडा कच्चा आहे असे समजावे. कच्च्या दाण्यातील युरिएज युरियापासून अमोनिया सोडते, आणि शिजविताना तेही रोधकांबरोबरच नष्ट होते. परीक्षेचा भरडा जनावरांस घालू नये.

लक्षात ठेवावे

१. पिले, डुकरे व लहान वासरे यांना कच्चे सोयाबीन देऊ नये. वासरांचे पोट पूर्ण वाढलेले नसते.

२. मोठी गुरे रवंथ करीत असल्याने त्यांस कमी बाधते. तरीही युरियायुक्त खाद्याबरोबर कच्चे सोयाबीन मुळीच घालू नये. पोटात अमोनिया वाढून जनावर दगावू शकते.

३. ग्रामसेवकांनी बाटलीची परीक्षा गावात सर्वांसमक्ष करून दाखवावी. वासाने जे पटते ते व्याख्यानाने पटत नाही.